दारू सोडल्यानंतरचा आधारगट कसा निवडावा: भांडुपच्या एका प्रश्नकर्त्याला उत्तर

आपण लिहिलेले थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे उत्तर कशाचे आहे हे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. आपले वय ४१, राहणे भांडुपला आणि नोकरी अंधेरीच्या एमआयडीसीत. एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आलात, त्यानंतर दीड महिना थेंबही घेतला नाही, आणि गेल्या आठवड्यात सहकाऱ्याच्या निरोपाच्या पार्टीत ‘दोनच’ म्हणून घेतलेले पेग पुढे चार दिवस चालू राहिले. काल सकाळपासून दारू बंद आहे, हात थरथरत आहेत आणि रात्री झोप लागलेली नाही. आता आपल्याला घराजवळचा, मराठीतून चालणारा गट हवा आहे. तिथे ओळखीचे कोणी भेटू नये, देवाधर्माचे बोलणे नसावे, आणि पत्नी सोबत येऊ म्हणते त्याला हो म्हणावे की नाही हे ठरत नाही. मी मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या व्यसनमुक्ती बाह्यरुग्ण विभागात मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता म्हणून बरीच वर्षे काम करतो, तेव्हा पुढे जे लिहितो आहे ते मुख्यतः त्या टेबलामागे बसून पाहिलेले आहे.

गटाचे बोलण्याआधी आजचे बोलतो. दारू अचानक थांबवल्यावर पहिल्या दिवसात हात थरथरणे, घाम, छातीत धडधड आणि झोप उडणे हे होते. काही जणांना पहिल्या दोन दिवसांत आकडी येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो, म्हणजे माणसाला नसलेले दिसू-ऐकू लागते, वेळ-काळाचे भान सुटते. ही शेवटची अवस्था वेळेत उपचार न मिळाल्यास जीवघेणी ठरू शकते. आपले पिणे चारच दिवसांचे होते हे खरे, पण त्यामागे अनेक वर्षांचे पिणे आहे, आणि ज्याने पूर्वी एकदा असा त्रास सोसला आहे त्याला पुढच्या वेळी तो अधिक तीव्र होण्याचा धोका असतो. म्हणून आजच मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जाऊन या. पालिकेची केईएम, नायर आणि सायन ही रुग्णालये आहेत, सरकारी जे. जे. आहे; केस पेपर काढताना दारूचा उल्लेख करायला संकोचू नका, डॉक्टरांना नेमकी शेवटची वेळ आणि प्रमाण सांगा. आकडी आली, ताप चढला किंवा बोलणे असंबद्ध होऊ लागले तर बाह्यरुग्ण विभागाची वेळ पाहत बसू नये, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका मागवावी. केंद्रातून आणलेल्या जुन्या गोळ्या उरल्या असतील तर त्या स्वतःच्या अंदाजाने घेऊ नका. गटातली माणसे कितीही अनुभवी असली तरी ती डॉक्टर नसतात, आणि चांगला गट हे स्वतःहून सांगतो.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. आपण ‘जवळचा गट कोणता’ असे विचारले आहे, परंतु मला त्यात खरा प्रश्न वेगळा दिसतो: दिवसातल्या कोणत्या तासाला आपण घसरता? मुंबईत अंतर किलोमीटरमध्ये मोजून काही कळत नाही. भांडुपला घराच्या मागच्या गल्लीत गट आहे, पण तो रविवारी सकाळी भरतो, आणि आपली तलफ संध्याकाळी साडेसातला स्टेशनच्या जिन्यावरून उतरताना येते, तर तो जवळचा गट आपल्या फारसा कामाचा नाही. याउलट आपण अंधेरीहून मेट्रोने घाटकोपरला येता आणि तिथे गाडी बदलता, असे आपल्या लिहिण्यावरून दिसते. मग घाटकोपर, विक्रोळी किंवा कांजूरमार्गच्या बाजूला संध्याकाळी भरणारी मीटिंग मिळाली, तर ती परमिट रूमच्या आधीच्या स्टेशनावर येते. एक-दीड तास तिथे बसून आपण भांडुपला उतराल तेव्हा नऊ वाजलेले असतील, पोटात भूक असेल आणि तलफेचा जोर पुष्कळसा ओसरलेला असेल. माझ्याकडे येणाऱ्या लोकांना मी आधी एक आठवडा कागदावर एवढेच लिहायला सांगतो की पिण्याची इच्छा किती वाजता झाली, त्या वेळी ते कुठे होते आणि खिशात पैसे किती होते. बहुतेकांच्या कागदावर एक-दोनच जागा आणि एक-दोनच वेळा पुन्हा पुन्हा येतात. गट त्या वेळेवर बसवायचा असतो. आपली पाळी बदलती असेल तर हे गणित अर्थातच बदलेल आणि दोन वेगवेगळ्या वेळांचे दोन गट हाताशी ठेवावे लागतील.

मुंबईत सर्वांत जास्त पसरलेले जाळे अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे, म्हणजे ज्याला सगळे ‘एए’ म्हणतात त्याचे आहे. ही चळवळ १९३५ मध्ये अमेरिकेतील अॅक्रन येथे एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक, दोघेही दारूच्या आहारी गेलेले, यांच्या भेटीतून सुरू झाली. भारतात ती १९५७ पासून आहे आणि तिचे देशपातळीवरील सेवा कार्यालय मुंबईतच आहे. त्यांच्या संकेतस्थळावर मीटिंगची यादी मिळते, हेल्पलाइनवर फोन केला तर माणूस बोलतो, आणि तो माणूस स्वतः कधीकाळी पिणारा असतो. फोनवर तीन गोष्टी विचारा: मराठीतून चालणारी मीटिंग कोणती, ती उघडी आहे की बंद, आणि पहिल्या दिवशी स्टेशनवर कोणी घ्यायला येईल का. बंद मीटिंगला फक्त ज्याला स्वतःला दारू सोडायची आहे तोच बसू शकतो. उघड्या मीटिंगला घरचे, विद्यार्थी, कोणीही येऊ शकते. भाषेबाबत एक सूचना अशी की, यादीत ‘हिंदी’ लिहिलेल्या अनेक मीटिंगमध्ये मराठी माणूस मराठीतून बोलतो आणि कोणी अडवत नाही. तेव्हा केवळ भाषेच्या रकान्यावरून सोयीच्या वेळेची मीटिंग सोडून देऊ नये.

तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मी सर्वाधिक मानतो. पत्ता लिहिलेली चिठ्ठी देऊन पाठवलेले लोक बऱ्याचदा दारापर्यंत जातात, बाहेर घुटमळतात आणि परत फिरतात. ज्याला स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी कोणीतरी भेटून सोबत नेतो, तो आत जातो. म्हणून आमच्या विभागातून आम्ही रुग्णासमोरच गटातल्या माणसाला फोन लावतो आणि दोघांचे बोलणे करून देतो. आपल्याला हे स्वतः करावे लागेल, पण ते कठीण नाही. नव्या माणसाला सोबत करणे हा जुन्या सभासदांच्या स्वतःच्या सुधारणेचाच भाग समजला जातो, त्यामुळे आपण कोणावर उपकाराचे ओझे टाकत नाही.

एएखेरीज दोन वाटा लक्षात ठेवाव्यात. पहिली म्हणजे आपण जिथे राहून आलात त्या केंद्राचा पाठपुरावा गट. बहुतेक चांगली केंद्रे असा गट चालवतात आणि तिथे आपल्याला ओळखणारे समुपदेशक असतात. घसरल्यावर लाजेने माणूस नेमका तिथेच जायचे टाळतो, परंतु परत आलेला माणूस त्यांच्यासाठी नवा नसतो. दुसरी म्हणजे वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात १९८१ मध्ये फादर जो परेरा यांनी सुरू केलेले कृपा फाउंडेशन; तिथे एएच्या बारा पायऱ्यांच्या, म्हणजे टप्प्याटप्प्याने सुधारण्याच्या, कार्यक्रमाला योगाची जोड आहे, कारण फादर स्वतः बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य. भांडुपहून वांद्रे रोज गाठणे अवघड आहे, पण ज्यांना केवळ बोलणे पुरत नाही आणि शरीराला काही शिस्त हवी असते, त्यांना मी त्याविषयी आवर्जून सांगतो. कोणत्याही शहरातून मोफत माहिती हवी असल्यास व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही हेल्पलाइन आहे, आणि रात्री मन फारच ढासळले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

गटाने खरोखर फरक पडतो का, अशी शंका आपण उघडपणे लिहिलेली नाही, तरी ‘नुसते बसून बोलून काय होणार’ या वाक्यात ती आहे. कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला, त्यात दहा हजारांहून अधिक लोकांची माहिती होती. एएकडे नेणारे सुसूत्र उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ४२ टक्के लोक वर्षभराने पूर्ण दारूमुक्त होते, तर इतर मान्य उपचार मिळालेल्यांपैकी सुमारे ३५ टक्के. यातून दोन गोष्टी निघतात. नुसते बसून बोलण्याने काहीतरी नक्की होते. आणि निम्म्याहून जास्त लोकांना एवढ्याने पुरे पडत नाही, त्यांना औषधे, नैराश्यावरील उपचार किंवा पुन्हा काही दिवस दाखल होणे लागते. आपण कोणत्या बाजूला आहात हे मला येथून सांगता येणार नाही. आपले डॉक्टर नालट्रेक्सोन किंवा अकॅम्प्रोसेटसारखे तलफ कमी करणारे औषध सुचवत असतील तर गटासाठी ते नाकारू नका, आणि गटातल्या एखाद्याने ‘गोळ्या म्हणजे दुसरे व्यसन’ असे सांगितले तर ते त्याचे वैयक्तिक मत समजून सोडून द्या.

ओळखीचे कोणी भेटेल या भीतीविषयी. आपल्या वयाचा, मराठी, नोकरदार माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा हाच प्रश्न असतो, आणि तो खोटा नाही, कारण चाळीत आणि कंपनीत बातमी फिरायला वेळ लागत नाही. व्यवहारात मात्र असे होते की ज्या ओळखीच्या माणसाची गाठ पडते तो त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो, आणि त्याला आपल्यापेक्षा कमी झाकायचे नसते. मीटिंगमध्ये हजेरीपट नसतो, आडनाव सांगावे लागत नाही, फी नसते. शेवटी टोपली फिरते तीत इच्छा असेल तर काही टाकावे, नसेल तर पुढे सरकवावी. तरीही मन मानत नसेल तर पहिले काही महिने घरापासून आणि कंपनीपासून दोन-तीन स्टेशने दूर असलेल्या बंद मीटिंगला जा. मी एवढेच सुचवीन की आपले पिणे सोसायटीतल्या वॉचमनपासून कॅन्टीनवाल्यापर्यंत बहुधा सर्वांना ठाऊक आहे. आपण ज्याला गुपित समजता त्यात आता फक्त सोडण्याचा प्रयत्नच तेवढा गुप्त उरला आहे.

देवाधर्माची अडचण जरा सविस्तर सांगावी लागेल, कारण मुंबईत ती दोन बाजूंनी येते. एए मीटिंगसाठी जागा स्वस्तात लागते, म्हणून चर्चचे हॉल आणि शाळांचे वर्ग वापरले जातात, आणि चर्चच्या फाटकात शिरताना काही घरांत धर्मांतराची कुजबुज सुरू होते. जागा फक्त भाड्याची असते. एए कोणत्याही पंथाशी, पक्षाशी किंवा संस्थेशी जोडलेली नाही हे तिच्या लिखित तत्त्वांतच आहे, आणि सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच एक अट आहे. बारा पायऱ्यांत ईश्वराचा उल्लेख मात्र आहे, तो ‘आपापल्या समजुतीप्रमाणे’ या शब्दांसह आहे, आणि शेवटी प्रार्थनाही म्हटली जाते. आपण नास्तिक असाल तर तेवढा वेळ गप्प उभे राहिलात तरी चालते. अनेक जुने सभासद त्या जागी गटालाच मोठी शक्ती मानतात.

दुसरी बाजू माळेची. आपण लिहिले आहे की वडिलांनी पंढरपूरला नेऊन माळ घालायला लावली होती आणि ती सहा महिने टिकली. आपल्याकडे तुळशीची माळ घालून दारू सुटलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत आणि त्यांना मी कधीही माळ काढायला सांगितलेले नाही. माळेसोबत एकादशी येते, आठवड्याचे भजन येते, दिंडीतली चार माणसे विचारपूस करतात. म्हणजे तिथेही एक गटच काम करत असतो. जिथे फक्त शपथ होती आणि माणसे नव्हती, तिथे ती फार काळ टिकली नाही. अडचण होते ती घसरल्यावर. माळ तोडली म्हणून माणूस भजनाला जाणे थांबवतो, देवासमोर जायला घाबरतो, आणि अपराधी भावनेने अधिक पितो. एएच्या खोलीत काल प्यायलेला माणूस आज येऊन ‘काल प्यायलो’ असे सांगू शकतो आणि त्याला चहा मिळतो. आपल्यासारख्या, नुकत्याच घसरलेल्या माणसाला सध्या हा दरवाजा अधिक उपयोगी आहे. पुढे माळ पुन्हा घालावीशी वाटली तर दोन्ही एकत्र चालू शकतात. जाता जाता एक सांगतो: ‘मी श्रावण कडक पाळतो, म्हणजे मी व्यसनी नाही’ हा युक्तिवाद दर वर्षी गटारीनंतर आमच्याकडे येतो. महिनाभर थांबता येणे आणि पहिल्या पेगनंतर थांबता येणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आपल्याला जमत नाही हे निरोपाच्या पार्टीने दाखवले आहे.

पहिल्या मीटिंगमध्ये काय होते हे माहीत असले तर पाय जड होत नाहीत. एक जण सूत्रसंचालन करतो, सुरुवातीचा छोटा मजकूर वाचला जातो, मग एकेक जण आपले अनुभव सांगतो, ज्याला तिथे ‘शेअरिंग’ म्हणतात. मध्ये कोणी टोकत नाही, सल्ला देत नाही, प्रश्न विचारत नाही. आपल्याला बोलायचे नसेल तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हणावे. मीटिंग संपल्यावर लगेच निघू नका. चहाच्या त्या पंधरा मिनिटांत दोन-तीन फोन नंबर मिळतात, आणि माझ्या मते गटाचा अर्धा उपयोग त्या नंबरांत आहे, कारण मीटिंग तासाभराची असते आणि तलफ रात्री अकरालाही येते. फोन प्यायच्या आधी करायचा असतो; प्यायल्यानंतर केलेल्या फोनवर कोणी रागावणार नाही, पण त्या रात्री त्याचा फारसा उपयोगही होत नाही.

एका मीटिंगवरून मत बनवू नका. तीन-चार वेगवेगळ्या ठिकाणी, प्रत्येक ठिकाणी निदान दोन-तीनदा जाऊन पाहा. नव्या माणसाकडे कोणी वळून पाहते का, वेळेवर सुरू होते का, तिथे अनेक वर्षे सोबर असलेले आणि काही आठवड्यांचेच असलेले असे दोन्ही प्रकारचे लोक आहेत का, हे बघा. सगळेच नवखे असतील तर आधार मिळत नाही. सगळेच जुने असतील तर ते आपल्या जुन्या गोष्टींत रमतात. पुढे ‘स्पॉन्सर’ निवडायची वेळ येईल, म्हणजे ज्याला आपण नियमित फोन करू असा एक जुना सभासद. तो पुरुषच असावा, शक्यतो आपल्याच प्रकारचे काम किंवा पाळी केलेला असावा, आणि त्याच्याशी पैशाची देवघेव असू नये. उसने मागणारा, नोकरी लावून देतो म्हणणारा किंवा खासगी केंद्रात भरती करण्यासाठी आग्रह धरणारा कोणी भेटला तर त्याला टाळा आणि दुसऱ्या मीटिंगला जा. एकाच्या वागण्यावरून सगळे सोडू नका.

ऑनलाइन मीटिंगचा पर्यायही आपण विचारला आहे. रात्रपाळीत, पावसाळ्यात गाड्या बंद पडल्यावर किंवा गावी गेल्यावर त्या फार उपयोगी आहेत. पण पहिले तीन महिने केवळ त्यांच्यावर विसंबू नये असे मला वाटते. कॅमेरा बंद करून, शेजारी ग्लास ठेवून ऑनलाइन बसलेले लोक मला माहीत आहेत. खोलीत शेजारी बसलेल्या माणसाला वास येतो.

शेवटचा प्रश्न पत्नीचा. त्यांना पहिल्या उघड्या मीटिंगला सोबत न्यायला हरकत नाही, मात्र नेहमीसाठी आपली मीटिंग आपली असावी, कारण त्या समोर असताना आपण बरेच काही गाळून सांगाल. त्यांच्यासाठी स्वतंत्र जागा आहे: व्यसनी माणसाच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन, जी १९५१ पासून वेगळी संघटना म्हणून चालते आणि जिच्या मीटिंग मुंबईतही होतात. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात पत्नींसाठी ‘सहचरी’ नावाचा गट आहे. आपल्या केंद्रात असे काही आहे का तेही त्यांनी विचारावे. आपण गेलात किंवा नाही गेलात तरी त्यांनी जावे. पैसे लपवणे, ऑफिसात खोटा निरोप देणे, रात्री दार उघडावे की नाही, हे प्रश्न त्यांचे आहेत आणि त्यांची उत्तरे त्याच अवस्थेतून गेलेल्या बायकांकडे मिळतात. एक गोष्ट मात्र त्यांना आजच सांगा. लोकलच्या डब्यात ‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती चिकटवलेल्या असतात, आणि काही घरांत डायसल्फिरामची गोळी भाजीत किंवा चहात मिसळली जाते. हे औषध पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळणे, छातीत दुखणे, उलट्या असे होऊन जीव धोक्यात येऊ शकतो. ते उपयुक्त औषध आहे, पण रुग्णाच्या माहितीने, संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचे असते. त्याचप्रमाणे, गाडी पाठवून जबरदस्तीने उचलून नेणाऱ्या केंद्रांना बोलावू नये. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ दारूशी निगडित मानसिक विकारांनाही लागू आहे आणि इच्छेविरुद्ध दाखल करण्यासाठी त्यात ठरावीक अटी, तपासणी आणि मुदत आहे.

आज रुग्णालय, तिथून परत आल्यावर एएच्या हेल्पलाइनला फोन, आणि डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की त्याच आठवड्यात घाटकोपर-मुलुंड पट्ट्यातली संध्याकाळची एक मीटिंग, असा क्रम ठेवा. आपल्या पाळीच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी कळवलीत, तर कोणत्या दिवशी प्रत्यक्ष जावे आणि कोणत्या दिवशी ऑनलाइन बसावे हे मी अधिक नेमकेपणाने सुचवू शकेन.